पाळक, संदेष्टा आणि राजपुरोहित

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे ज्या संस्थेने बेळगावकरांची वाचनाची भूक भागवली, तिच्या शताब्दीनिमित्त बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय निवडण्याची मोकळीक कार्यवाहांनी मला दिली होती. राजकारण आणि सार्वजनिक नीती यांविषयी ख्रिस्ती धर्मोपदेशकाने बोलावे काय, आणि बोलावे तर कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न मी निवडला. मराठी ग्रंथालयाच्या व्यासपीठावर हा विषय काहींना आडवाटेचा वाटेल. परंतु धर्माच्या आसनावरून राजकारणाविषयी बोलणारी माणसे आज आपल्या देशात सर्वच धर्मांत आहेत. त्यांचे बोलणे आपल्या कानांवर रोज येते. त्यांतले कोणते ऐकावे आणि कोणते कानांआड करावे, हा निर्णय आपल्याला करावाच लागतो. आपल्या घरच्या भांडणात न्याय करणे अवघड असते. दूरच्या घरातले भांडण पाहताना मन अधिक शांत असते आणि न्यायाची रीत शिकता येते. म्हणून मी आज आपल्याला थोडे दूर नेणार आहे आणि शेवटी पुन्हा आपल्या भाषेत आणून सोडणार आहे.

मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही, मराठीचा अध्यापक आहे. तेव्हा शब्दापासूनच प्रारंभ करतो. चर्चमध्ये उपदेश करणाऱ्या आणि मंडळीची काळजी वाहणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘पास्टर’ म्हणतात. हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ मेंढपाळ असा आहे. मराठी ख्रिस्ती समाजाने त्यासाठी ‘पाळक’ हा सुंदर शब्द रूढ केला. पाळक म्हणजे पाळणारा, सांभाळणारा. जन्म, विवाह, आजार, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी तो आपल्या लोकांच्या दारी असतो. मराठी बायबलात दुसरा एक शब्द आहे, ‘संदेष्टा’. भविष्य सांगणारा ज्योतिषी, असा त्याचा अर्थ पुष्कळांना वाटतो. वस्तुतः देवाचा संदेश लोकांना, आणि विशेषतः राजाला, ऐकवणारा तो संदेष्टा. पाळकाचे काम जखमेवर फुंकर घालण्याचे आहे, तर जखम कोणी केली हे विचारण्याचे काम संदेष्ट्याचे आहे. एकाच माणसाने ही दोन्ही कामे करावीत काय, यावरच सारा वाद आहे.

या वादाचे मूळ फार प्राचीन आहे. दावीद राजाने उरीया नावाच्या आपल्या सैनिकाची पत्नी बथशेबा हिचा अपहार केला आणि उरीयाला युद्धाच्या तोंडी देऊन मारवले. तेव्हा नाथान संदेष्टा राजवाड्यात गेला. त्याने राजाला एक गोष्ट सांगितली: एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळप असताना त्याने पाहुण्यासाठी गरिबाचे एकुलते एक कोकरू हिरावून नेले. राजा संतापून त्या श्रीमंताला शिक्षा फर्मावू लागला, तोच नाथानाने त्याला सांगितले की तो श्रीमंत मनुष्य तूच. सत्ताधाऱ्याच्या खासगी पापाचा सार्वजनिक न्यायाशी संबंध असतो, हे या कथेत आले आहे.

दुसरी कथा आमोसाची आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला तकोवा गावचा हा मेंढपाळ उंबराच्या झाडांचीही निगा राखीत असे. इस्राएलच्या उत्तरेकडील राज्यात त्या काळी संपन्नता होती, देवळांत उत्सव चालत, आणि त्याच वेळी गरीब माणूस एका जोड्याच्या किमतीला विकला जात होता. आमोसाने बेथेलच्या मंदिरात जाऊन या अन्यायाविरुद्ध वाणी उठवली. तेथील पुरोहित अमस्या याने प्रथम राजाकडे चुगली केली आणि मग आमोसाला सुनावले की तू आपल्या मुलुखात जा आणि तेथे भाकरी मिळव. हे राजाचे मंदिर आहे, येथे तुझे बोलणे नको. आमोसाचे उत्तर असे की मी धंदेवाईक संदेष्टा नाही आणि संदेष्ट्याचा पुत्रही नाही. मी गुरे राखणारा माणूस आहे.

अमस्या देवाला मानत नव्हता असे नाही. त्याच्या तोंडी एक शब्द मात्र चुकून खरा आला: हे ‘राजाचे’ मंदिर आहे. येथे आपल्याला तिसरी भूमिका मिळते, ती राजपुरोहिताची. राजकारणाविषयी बोलणाऱ्या कोणत्याही धर्मोपदेशकाला आपण पाळक, संदेष्टा आणि राजपुरोहित या तीन कोनांतून तपासू शकतो. आमोस आणि अमस्या यांचा हा संवाद इतिहासात वारंवार घडला आहे. विसाव्या शतकात तो अमेरिकेतील अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम या शहरात घडला.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग हे नाव आपणा सर्वांना परिचित आहे. ते कृष्णवर्णीयांचे नेते होते, गांधीजींच्या मार्गाने चालणारे होते, त्यांना १९६४ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, हे आपण शाळेत शिकतो. आपण विसरतो ते एवढेच, की व्यवसायाने ते पाळक होते. त्यांचे वडील पाळक, आईचे वडीलही पाळक. १९५४ साली ते माँटगोमेरी शहरातल्या एका बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. त्याचे नेतृत्व या सव्वीस वर्षांच्या पाळकाकडे आले. बहिष्कार ३८१ दिवस चालला. चर्चमध्ये सभा भरत, तेथेच स्तोत्रे म्हटली जात आणि उद्या कामावर कोणी कोणाच्या मोटारीतून जायचे हेही ठरत असे. उपदेश आणि लोकांचे रोजचे जगणे यांत तेथे भिंतच उरली नव्हती.

१९५९ साली डॉ. किंग भारतात आले आणि सुमारे महिनाभर हिंडले. त्या प्रवासातला एक प्रसंग त्यांनी पुढे स्वतः सांगितला आहे. तिरुवनंतपुरम येथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांच्या शाळेत ते गेले असता मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख, अमेरिकेतून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य, अशी करून दिली. क्षणभर त्यांना तो शब्द बोचला. नंतर आपल्या देशातील आपल्या बांधवांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी तो शब्द मनोमन स्वीकारला. अमेरिकेच्या वर्णभेदाची तुलना आपल्या जातिभेदाशी पुस्तकी वाटत असेल, तर हा प्रसंग आठवावा.

आता बर्मिंगहॅम. १९६३ च्या वसंतात तेथे दुकाने, उपाहारगृहे, पाण्याचे नळ, सारे गोऱ्यांसाठी वेगळे आणि काळ्यांसाठी वेगळे होते. ईस्टरच्या खरेदीच्या हंगामात कृष्णवर्णीयांनी दुकानांवर बहिष्कार टाकला आणि मोर्चे काढले. न्यायालयाने मोर्चांना मनाई केली. डॉ. किंग यांनी ती मोडली आणि १२ एप्रिल १९६३ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांना अटक होऊन एकांत कोठडीत ठेवण्यात आले. त्याच दिवशी शहरातल्या आठ गोऱ्या धर्माधिकाऱ्यांचे निवेदन वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्यांत सात ख्रिस्ती होते आणि एक यहुदी रब्बी. त्यांचे म्हणणे असे: ही निदर्शने अकाली आहेत, ती बाहेरच्या माणसांच्या नेतृत्वाखाली चालली आहेत, गाऱ्हाणी न्यायालयात आणि वाटाघाटीत मांडावीत, रस्त्यावर नव्हे.

या आठ जणांना आपण खलपुरुष समजू नये. त्यांतील बहुतेकांनी त्याच वर्षी जानेवारीत, वर्णभेद कायम ठेवण्याची शपथ घेणाऱ्या गव्हर्नर वॉलेस यांच्या विरोधात, न्यायालयांचे निर्णय पाळावेत असे जाहीर आवाहन केले होते. त्यांच्यापैकी रेव्हरंड स्टॉलिंग्ज यांनी ईस्टरच्या रविवारी आपल्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय उपासकांना प्रवेश दिला. डॉ. किंग यांनी आपल्या पत्रात त्यांचे नाव घेऊन अभिनंदन केले आहे. आठांपैकी कॅथलिक बिशप ड्युरिक पुढे वांशिक समतेचे उघड पुरस्कर्ते झाले. ही सज्जन माणसे होती. ती पाळक होती. आपल्या मंडळीत फूट पडू नये आणि शहरात रक्त सांडू नये, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. म्हणूनच त्यांना दिलेले उत्तर मोलाचे आहे. दुष्टाला उत्तर देणे सोपे असते, सज्जनाला देणे अवघड.

डॉ. किंग यांनी ते उत्तर तुरुंगात, हाती आलेल्या वृत्तपत्राच्या कोऱ्या कडांवर लिहायला आरंभ केला. १६ एप्रिल ही त्या पत्राची तारीख आहे. पत्र ‘प्रिय सहधर्मोपदेशकांनो’ अशा भावनेने लिहिलेले आहे. त्यात शिवी नाही. बाहेरचा माणूस हा आरोप त्यांनी प्रथम घेतला. स्थानिक संघटनेच्या निमंत्रणावरून आपण आलो, असे सांगून ते तेथेच थांबत नाहीत. प्राचीन संदेष्टेही गाव सोडून गेले होते आणि संत पौलही गावोगाव गेला, याची ते आठवण देतात. थांबा, या सल्ल्याला त्यांचे उत्तर सर्वांत हृद्य आहे. सहा वर्षांच्या मुलीला, जाहिरातीत पाहिलेल्या क्रीडोद्यानात तुला का जाता येणार नाही, हे सांगताना बापाची जीभ कशी अडखळते, याचे चित्र ते उभे करतात. कायदेभंगाच्या आरोपाला ते संत ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस यांच्या आधारे उत्तर देतात. अन्याय्य कायदा मोडावा, पण उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा भोगण्याची तयारी ठेवून. आपल्याला हा विचार परका नाही. तो आपल्याकडूनच तिकडे गेला होता.

या पत्राचा पुढचा भाग माझ्या विषयाला अधिक जवळचा आहे. तेथे डॉ. किंग आपल्या लोकांकडे, म्हणजे चर्चकडे वळतात. दंगेखोर गोऱ्यांपेक्षा शांतता हवी म्हणणाऱ्या मध्यममार्गी गोऱ्यांनी आपल्याला अधिक निराश केले, असे ते लिहितात. दक्षिणेतली भव्य चर्चे पाहून, या इमारतींत कोणत्या प्रकारची माणसे उपासना करतात, त्यांचा देव कोण, असा प्रश्न आपल्याला पडतो, असे त्यांनी म्हटले आहे. हे बाहेरच्या टीकाकाराचे उद्गार नव्हेत. चर्चच्या कुशीत वाढलेला, तिसऱ्या पिढीचा पाळक आपल्याच घराला प्रश्न विचारतो आहे. आमोसही परक्या राजाला सोडून आपल्याच देवळाकडे बोट दाखवत होता.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. मे महिन्यात शाळकरी मुले मोर्चात उतरली. त्यांच्यावर पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे जोरदार फवारे सोडण्यात आले आणि त्याची छायाचित्रे जगभर गेली. १० मे रोजी समेट झाला. १५ सप्टेंबरला त्याच शहरातील सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये स्फोट होऊन चार मुली मृत्युमुखी पडल्या. जुलै १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला. आठ धर्माधिकाऱ्यांची रक्तपाताची भीती पूर्णतः निराधार नव्हती, हे येथे मान्य करावे लागते. परंतु ते रक्त सांडले कोणी? मोर्चातल्या मुलांनी नव्हे.

एवढ्यावर थांबलो तर संदेष्टा नेहमी विजयी होतो, असा आपला समज होईल. म्हणून १९६७ सालाकडे वळतो. नागरी हक्कांच्या कायद्यानंतर डॉ. किंग यांना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या दरबारी मान होता. तो टिकवायचा तर व्हिएतनाम युद्धाविषयी मौन बाळगणे पुरेसे होते. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी त्या युद्धाचा स्पष्ट धिक्कार केला. गरिबीनिवारणाचा पैसा युद्धात जातो. आपल्या देशात एका वर्गात शेजारी बसू न शकणारी काळी आणि गोरी मुले परक्या देशात खांद्याला खांदा लावून मरतात आणि मारतात, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही प्रमुख उदारमतवादी दैनिकांनी त्यांच्यावर अग्रलेखांतून टीका केली. कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या संघटनेनेही आपले अंग काढून घेतले. ज्या मित्रांनी बर्मिंगहॅमच्या वेळी टाळ्या वाजवल्या होत्या, तेच आता म्हणू लागले की पाळकाने परराष्ट्र धोरणात पडू नये. बरोबर एक वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, मेंफिस शहरात सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेले असता त्यांचा खून झाला.

सार्वजनिक नीतीविषयी बोलणाऱ्याची खासगी नीती कशी असावी, हा प्रश्नही टाळता येणार नाही. अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने डॉ. किंग यांच्या खोल्यांत चोरून ध्वनिमुद्रणे केली आणि १९६४ साली एक निनावी पत्र पाठवून त्यांना बदनामीची धमकी दिली. पुढे सिनेटच्या चौकशीत हे उघड झाले. त्यांच्या वैवाहिक निष्ठेविषयी त्यांच्या निकटवर्तीयांनीही लिहिले आहे. ते निष्कलंक होते, असे म्हणण्याची मला गरज वाटत नाही. नाथानाची कथा ज्या दावीदाविषयी आहे, त्यालाच ज्यू आणि ख्रिस्ती परंपरा स्तोत्रकर्ता म्हणून वंदन करते. बोलणाऱ्याच्या दोषाने त्याची विश्वासार्हता घटते हे खरे; परंतु त्याने दाखवलेला अन्याय त्यामुळे न्याय ठरत नाही.

आता दुसरी बाजू. धर्मोपदेशक राजकारणाविषयी बोलला म्हणजे तो संदेष्टा झाला, असे मुळीच नाही. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या पंथाने प्रोटेस्टंट चर्चच्या निवडणुका जिंकल्या आणि ल्युडविग म्युलर हे राजमान्य बिशप झाले. यहुदी वंशाच्या ख्रिस्ती पाळकांना काढून टाकण्याचा नियम चर्चनेच आपल्यावर लादून घेऊ पाहिला. ही मंडळी राजकारणाविषयी भरपूर बोलत होती. अमस्याचे मंदिर पुन्हा उभे राहिले होते. त्याला विरोध करणाऱ्या पाळकांनी मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जाहीरनामा काढला आणि चर्चचा स्वामी राज्यसत्ता होऊ शकत नाही असे ठणकावले. त्यांचे अग्रणी मार्टिन नीम्योलर १९३७ पासून १९४५ पर्यंत बंदिवासात होते. याच नीम्योलरांनी आरंभी हिटलरला अनुकूल मत दिले होते, आणि यहुद्यांच्या छळाविषयी बार्मेनचा जाहीरनामाही मौन बाळगून होता. आपल्या चर्चवर घाला आला तेव्हा ते बोलले. शेजाऱ्यावर आला तेव्हा पुरेसे बोलले नाहीत. नीम्योलरांनी स्वतः हे पुढे आयुष्यभर सांगितले. त्यावरून एक कसोटी मिळते: धर्मोपदेशक आपल्या मंडळीच्या हितासाठीच बोलतो, की जो आपल्या मंडळीचा नाही त्याच्यासाठीही बोलतो?

अमेरिकेतच आणखी एक उदाहरण आहे. व्हर्जिनिया राज्यातील पाळक जेरी फॉलवेल यांनी मार्च १९६५ मध्ये एक प्रवचन केले. पाळकांना राजकारणी होण्याचे पाचारण नाही, त्यांनी आत्मे जिंकावेत, मोर्चे काढू नयेत, असा त्याचा आशय होता. रोख अर्थातच डॉ. किंग यांच्यासारख्यांवर होता. त्याच फॉलवेल यांनी १९७९ साली ‘नैतिक बहुमत’ या अर्थाच्या नावाची संघटना स्थापन केली आणि १९८० च्या निवडणुकीत रेगन यांच्या बाजूने लक्षावधी मतदार जागे केले. गर्भपाताला मान्यता देणाऱ्या १९७३ च्या निर्णयाने आपल्याला बोलणे भाग पाडले, असे ते म्हणत. आणि ती त्यांची श्रद्धा प्रामाणिक नव्हती असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. आपले १९६५ चे प्रवचन त्यांनी मागेही घेतले. मुद्दा त्यांच्या मतांचा नाही. पाळकाने राजकारणात पडू नये, हा सिद्धान्त अनेकदा सोयीचा असतो. समोरचा बोलतो तेव्हा तो आठवतो. आपली वेळ आली की विसरला जातो. हा दोष उजव्यांत आहे तसाच डाव्यांतही आहे.

मग सीमारेषा कोठे आखावी? डॉ. किंग यांनी १९६० च्या निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराला औपचारिक पाठिंबा दिला नाही. १९६४ साली मात्र गोल्डवॉटर यांच्या उमेदवारीला उघड विरोध केला. म्हणजे त्यांनाही ती रेषा सदैव सांभाळता आली नाही. आपल्या देशात १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्टाचार ठरवला आहे, आणि १९८८ च्या एका कायद्याने धार्मिक स्थळांचा राजकीय कामासाठी वापर करण्यास बंदी केली आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मताने मतदाराच्या धर्मावरून केलेले आवाहनही त्या बंदीत धरले. उरलेल्या तिघांची चिंता लक्षात घेण्यासारखी आहे. धर्म आणि जात यांच्यामुळे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांचे दुःख निवडणुकीत मांडताच येणार नाही काय, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. मत मागणे आणि अन्याय सांगणे या दोन क्रिया भिन्न आहेत, परंतु प्रत्यक्षात त्यांचे धागे गुंतलेले असतात.

आणखी एक आक्षेप ज्ञानाचा आहे. करांचे दर किती असावेत, धरणाची उंची किती असावी, हे पाळकाला काय कळते? आक्षेप रास्त आहे. मूल उपाशी झोपू नये, हे सांगायला त्याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र ते मूल कोणत्या योजनेने जेवेल, याविषयी त्याचे मत इतर नागरिकांइतकेच, आणि तेवढ्याच नम्रतेने मांडलेले असावे. देवाच्या नावाने तत्त्व सांगता येते, अंदाजपत्रक सांगता येत नाही.

आता आपल्या भाषेत परत येतो, आणि परत येतो तो थेट या गावात. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते पाळकही झाले. त्यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतली ती पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून आपण शिकवतो, तिचा विषय विधवांची दुर्दशा हा आहे. त्या पुस्तकात धर्मप्रसाराचा हेतू आहे, हे वाचकाला लपून राहत नाही. तरीही विधवेच्या मुंडनाविषयी आणि उपेक्षेविषयी मराठी वाचकाला या पुस्तकाने प्रश्न विचारला. ज्या समाजाचा त्यांनी धर्म सोडला होता, त्या समाजातल्या स्त्रियांचे दुःख त्यांनी सोडले नव्हते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांनी सांभाळला. ख्रिस्ती झाल्याने आपण परदेशी झालो नाही, ही त्यांची निष्ठा होती, आणि ती त्यांनी परक्यांपेक्षा आपल्या मिशनलाच अधिक ऐकवली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्वांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापला. उत्पन्नाची शाश्वती सोडून बोललेला शब्द वेगळ्याच वजनाचा असतो. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना त्या घराच्या निष्कांचन वृत्तीचे वर्णन मी सांगायला नको.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्या काळातले. वसईच्या या कॅथलिक धर्मगुरूंनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन प्रदीर्घ काळ केले, आणि ‘हरित वसई’च्या चळवळीतून तेथील शेती, पाणी आणि हिरवाई यांवर येणाऱ्या संकटाविरुद्ध लोकांना उभे केले. त्या लढ्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. विहिरीचे पाणी खारट झाले तर ते धर्म पाहून खारट होत नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पाद्र्याला हा मान का, असा विरोध झाला, धमक्याही आल्या. प्रकृती साथ देत नसताना ते गेले आणि असहिष्णुतेविरुद्ध स्पष्ट बोलले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांचे प्रत्येक मत आपल्याला पटले पाहिजे असे नाही. पण त्यांचा शब्द राजाच्या मंदिरातून येत नव्हता, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल.

आपल्या परंपरेला हे सारे अनोळखी आहे काय? गाडगेबाबांचे कीर्तन आठवा. ते देवाचे नाव घेत आणि श्रोत्यांना कर्ज, दारू, पशुबळी आणि अस्पृश्यता यांविषयी प्रश्न विचारीत. गावात शिरताना हातात झाडू असे. आधी रस्ता झाडीत आणि मग मने. कीर्तनाच्या शेवटी त्यांना कोणाकडून काही न्यायचे नसे. कीर्तनकाराची गादी आणि पाळकाचे व्यासपीठ यांतले अंतर मला फार वाटत नाही. दोन्ही ठिकाणी वक्त्याला परंपरेने एक उंची दिलेली असते. त्या उंचीवरून खालच्या माणसाकडे पाहायचे, की वरच्या सत्तेकडे, हे त्याने ठरवायचे असते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. धर्मोपदेशकाने सार्वजनिक नीतीविषयी बोलावे. न बोलणे हीसुद्धा एक राजकीय भूमिकाच असते, हे बर्मिंगहॅमने दाखवले. मात्र त्याचा अधिकार पदातून येत नाही, तो त्याने मोजलेल्या किमतीतून येतो. तो प्रथम आपल्या मंडळीला प्रश्न विचारतो काय? जो त्याला मत, देणगी किंवा टाळी देऊ शकत नाही, त्याच्यासाठी बोलतो काय? बोलण्याने त्याचे काही जाते, की काही मिळते? ज्याला प्रत्येक प्रवचनानंतर काही तरी मिळतच राहते, त्याच्याविषयी आपण सावध असावे. त्याचा धर्म कोणताही असो.

ही पारख करण्याचे काम कायदा अंशतः करील. उरलेले काम श्रोत्याचे आहे. आमोसाला अमस्याने हाकलून लावले, पण आमोसाचे शब्द कोणी तरी लिहून ठेवले, कोणी तरी जपले, म्हणून अडीच हजार वर्षांनंतर तुरुंगातल्या एका पाळकाला त्यांचा आधार घेता आला. त्याला हाती ग्रंथही मिळाले नव्हते. पूर्वी वाचलेले त्याच्या स्मरणात होते. ग्रंथालये शंभर शंभर वर्षे जगावीत ती याचसाठी. सत्तेला नको असलेला शब्दही येथे कपाटात सुरक्षित राहतो आणि आपल्या वाचकाची वाट पाहतो. आपल्या संस्थेच्या कपाटांत असे अनेक शब्द आहेत. ते उघडणारे हात पुढच्या शतकातही लाभोत, अशी प्रार्थना करतो.